दांपत्यप्रीतीची मशागत
(विवाहितांसाठी अभ्यासपाठ. प्रथम वाचावे: गीतरत्न, अध्याय ५, करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय ७, वचने ३ ते ५.)



गेल्या हंगामात कापसाची दुसरी वेचणी चालू असताना केळापूर तालुक्यातील एका खेड्याहून आमचे एक उपदेशक बंधू आमच्या घरी आले. त्यांच्या मुद्रेवर चिंता होती. त्यांच्या लहानशा मंडळीतील एक भगिनी भावाच्या घरच्या लग्नास म्हणून माहेरी गेली, ती तीन महिने लोटले तरी सासरी परतली नव्हती. लग्नास सोळा वर्षे झालेली, पदरी तीन लेकरे. नवरा दारू पीत नाही, हात उगारीत नाही, परस्त्रीकडे पाहत नाही, रविवारची उपासना चुकवीत नाही. वडीलमंडळींनी दोनदा बैठक घेऊन तिला कारण विचारले. परंतु पुरुषांच्या त्या बैठकीत ती खाली मान घालून बसली व एक अक्षरही बोलली नाही. शेवटी आम्ही सपत्नीक तिच्या माहेरी गेलो. आम्ही ओसरीवर बसलो, आणि परसात तुरीच्या शेंगा सोलता सोलता तिने आमच्या पत्नीजवळ मन मोकळे केले. ती म्हणाली, "मी का बैल हाव जी? जुंपाच्या वेळेसच याद येते त्यायले माही. दिवसभर एक शब्द नाही, अन् रात्री दिवा मालवला का हात."

हे वाक्य तिच्या संमतीने व नावगाव गाळून आम्ही येथे देत आहो. ते ऐकल्यापासून आमचे चित्त स्वस्थ नाही. कारण त्या नवऱ्यास जेव्हा आम्ही एकांतात विचारले, तेव्हा तो बराच वेळ जमिनीकडे पाहत राहिला व म्हणाला, "मले हे कोणी शिकवलंच नाही, पाळकसाहेब." त्याचे लग्न आमच्याच मंडळीत लागले होते. आम्ही त्यास वचने पाठ करविली, आणाभाका घेवविल्या, नोंदवहीत सही घेतली; परंतु ज्या अंथरुणावर त्यास पुढची चाळीस वर्षे काढावयाची, त्याविषयी आम्ही चकार शब्द काढिला नाही. म्हणून हा पाठ.

कित्येक वाचकांस वाटेल की, अशा विषयाची चर्चा मंडळीच्या पत्रात कशाला? आमचे उत्तर असे की, ज्या गोष्टीविषयी मंडळी मौन धरते तिच्याविषयी बाजार बोलतो. आणि आता तर तो बाजार प्रत्येकाच्या खिशातील मोबाईलमध्ये येऊन बसला आहे. तेथे जे दाखविले जाते ते पैशासाठी रचलेले सोंग असते. त्यावरून पत्नीशी कसे वागावे हे शिकणे म्हणजे तमाशातील राजा पाहून राज्यकारभार शिकण्यासारखे होय. तथापि उपदेशकांस आमची विनंती आहे की, हा पाठ लेकरांच्या वर्गात न वाचता तो विवाहित स्त्रीपुरुषांस हाती द्यावा, आणि स्त्रियांची व पुरुषांची चर्चा वेगवेगळी घ्यावी.

१. ही देणगी आहे, विटाळ नव्हे

आपल्यापैकी बहुतेकांच्या घराण्यांत अशी समजूत चालत आली आहे की, स्त्रीपुरुषांचा देहसंबंध ही मुळात मलिन गोष्ट असून केवळ वंशासाठी ती सोसावयाची असते. शास्त्र असे म्हणत नाही. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात पुरुष व स्त्री एकदेह होतात व त्यांस लाज वाटत नाही. आणि पाप जगात येते ते तिसऱ्या अध्यायात. म्हणजे हे मीलन पापाचे फळ नसून त्याच्या आधीची गोष्ट आहे. मोशेच्या नियमशास्त्रात (अनुवाद २४:५) नवविवाहित पुरुषास एक वर्ष लढाईवर न पाठविता घरी ठेवावे व त्याने आपल्या पत्नीस आनंदित करावे, अशी आज्ञा आहे. येथे पत्नीचा आनंद ही पतीची जबाबदारी म्हणून सांगितली आहे, हे ध्यानात घ्यावे.

परंतु वाचक म्हणतील, नव्या नवलाईच्या वर्षाचे काय सांगता? विसाव्या वर्षाचे सांगा. तर इसहाक व रिबका यांजकडे पाहा. इसहाकाचे लग्न झाले तेव्हा तो चाळीस वर्षांचा होता, आणि त्यास जुळे पुत्र झाले तेव्हा साठ वर्षांचा. त्यानंतर दुष्काळामुळे ती दोघे गरार येथे परक्या मुलखात जाऊन राहिली. जिवाच्या भीतीने इसहाकाने रिबकेस आपली बहीण म्हणून सांगितले होते. एके दिवशी तेथील राजा अबीमलेख याने खिडकीतून पाहिले, तो इसहाक रिबकेशी थट्टाविनोद व लाडीगोडी करीत होता. आणि त्यावरून राजाने तत्काळ ओळखले की, ही याची बहीण नव्हे, पत्नी आहे (उत्पत्ति २६:८). मूळ इब्री भाषेत येथे जो शब्द आहे तो हसण्याच्याच धातूपासून आला आहे, व इसहाक हे नावही त्याच धातूचे. कथेच्या क्रमाने पाहता लग्नास वीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता, दुष्काळ होता, परका गाव होता, जिवाचे भय होते. तरी ती दोघे एकमेकांशी हसत होती. आम्ही विचारतो: आमच्या खिडकीतून कोणी पाहिले तर आम्ही पतिपत्नी आहो हे त्यास कशावरून कळेल? स्वयंपाक व पैसा यांवरील बोलण्यावरून काय?

गीतरत्न या पुस्तकाविषयीही दोन शब्द. पुष्कळ शतके ख्रिस्ती गुरूंनी त्याचा केवळ आत्मिक अर्थ लाविला. क्लेअर्व्हो येथील मठाधिपती बर्नार्ड यांनी बाराव्या शतकात त्यावर ८६ प्रवचने लिहिली. आत्मिक अर्थ आहेच. परंतु अक्षरार्थ पुसून टाकण्याचा अधिकार आम्हांस नाही. त्या पुस्तकात अधिक बोलते ती स्त्री. ती आपली इच्छा सांगते, पतीच्या रूपाचे वर्णन करते, त्यास बोलाविते. आणि पाचव्या अध्यायात तर एक अगदी घरगुती प्रसंग आहे: तो रात्री दार ठोठावितो, ती अंथरुणातून उठावयास कंटाळते, ती उठते तो हा निघून गेलेला असतो, मग ती त्यास शोधीत नगरभर फिरते. एक आला तेव्हा दुसरा तयार नव्हता, दुसरा तयार झाला तेव्हा पहिला रुसून गेला. हे कोणत्या घरात घडत नाही? म्हणून असा चुकामुकीचा प्रसंग आला म्हणजे प्रीती मेली, असे कोणी समजू नये. शोधावयास निघावे, हाच त्या अध्यायाचा पाठ.

२. वर्धा येथील एक संभाषण

आमच्या शेजारच्याच जिल्ह्यात, वर्धा येथे, १९३५ च्या डिसेंबर महिन्यात या विषयावर एक मोठे संभाषण झाले, ते आमच्या वाचकांनी जाणून घ्यावे. अमेरिकेतील मार्गारेट सँगर या बाई, ज्यांनी १९१६ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागात संततिनियमनाचे केंद्र उघडून तुरुंगवास पत्करिला होता, त्या हिंदुस्थानच्या दौऱ्यावर असता महात्मा गांधींस भेटावयास वर्ध्यास आल्या. गांधीजींनी १९०६ मध्येच ब्रह्मचर्याचे व्रत घेतले होते. त्यांचे म्हणणे असे की, पतिपत्नींनी केवळ अपत्याच्या इच्छेने एकत्र यावे. इतर सर्व मीलन वासना होय. सँगरबाईंचे म्हणणे असे की, वासना निराळी व प्रीतीतून होणारे मीलन निराळे; दुसऱ्याने पतिपत्नींची अंतःकरणे जवळ येतात, आणि वर्षातून शेकडो दिवस एका छपराखाली राहणाऱ्या दोन प्रेमळ जीवांस अपत्याची इच्छा नाही म्हणून दूर राहा असे सांगणे अन्यायाचे आहे. दोघांचे एकमत झाले नाही.

आम्ही दोघांपासूनही शिकू इच्छितो. गांधीजी म्हणत की, स्त्रीने पतीस नको म्हणावयास शिकले पाहिजे, व पतीने ते ऐकले पाहिजे. हे सत्य आहे. आणि ज्या घरात पत्नीच्या नकारास किंमत नाही, त्या घरात तिच्या होकारासही किंमत राहत नाही. परंतु मीलनाचे प्रयोजन केवळ संतती, हे मत शास्त्राशी जुळत नाही. करिंथकरांस लिहिताना पौल पतिपत्नींच्या एकत्र येण्याविषयी बोलतो, तेथे तो लेकरांचे नावही घेत नाही. तो म्हणतो ते इतकेच की, पतीने पत्नीस द्यावे, पत्नीने पतीस द्यावे. पत्नीच्या देहावर पतीचा अधिकार आहे, तसाच पतीच्या देहावर पत्नीचा. आणि प्रार्थनेसाठी दूर राहावयाचे तर ते दोघांच्या संमतीने व काही वेळापुरते. त्या काळी पहिले अर्धे वाक्य सर्वांस ठाऊक होते. दुसरे अर्धे, म्हणजे पत्नीचाही अधिकार, हे नवे होते.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. आम्ही असे नवरे पाहिले आहेत की, जे हेच वचन पत्नीपुढे सावकाराच्या कागदासारखे नाचवितात. पौलाने देणे शिकविले, वसूल करणे नव्हे. जबरदस्तीने घेतलेले मीलन लग्नाच्या आतही पापच आहे. आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने लैंगिक छळासही घरगुती हिंसेत गणले आहे, हे पुरुषांनी विसरू नये.

३. प्रीती शिळी का होते?

आमच्या जिल्ह्यातील घरे आम्ही जवळून पाहिली आहेत, त्यावरून काही कारणे सांगतो.

पहिले, थकवा. वेचणीच्या दिवसांत स्त्री पहाटे उठून भाकरी थापते, दिवसभर कमरेस ओटी बांधून वाकते, सायंकाळी सरपण व पाणी आणून पुन्हा चुलीपाशी बसते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक जणींच्या अंगी रक्त कमी असल्याचे आढळले. जिच्या अंगात रक्त नाही तिच्या मनात उल्हास कोठून यावा? अशा पत्नीस थंड म्हणून दोष देणारा पती, उपाशी बैलास आळशी म्हणणाऱ्या शेतकऱ्यासारखा आहे. तिला लोहाच्या गोळ्या, पोटभर अन्न व कामात हात द्यावा. पतीने पाण्याचा एक हंडा आणला तर त्याचे पुरुषत्व कमी होत नाही. उलट कित्येक भगिनींनी आमच्या पत्नीस सांगितले आहे की, त्या हंड्याने त्यांचे मन जितके जवळ आले तितके साडीनेही आले नाही.

दुसरे, जागा. एका खोलीत सासूसासरे, लेकरे व शेळी. अशा घरात पतिपत्नींस एकमेकांशी दोन शब्द बोलावयासही एकांत नाही, व जे काही होते ते चोरासारखे घाईघाईने. सासूसासऱ्यांस आमची विनंती आहे: रविवारी दुपारी नातवंडांस घेऊन तासभर शेजारी किंवा देवळात जाऊन बसा. हीही सेवाच आहे. घरात एक आडपडदा, एक आतून लागणारी कडी, ही चैन नव्हे.

तिसरे, भय. पुन्हा दिवस राहतील या भयाने कितीतरी स्त्रिया पतीचा स्पर्शही टाळतात. या बाबतीत महाराष्ट्राने रघुनाथ धोंडो कर्वे यांचे ऋण मान्य केले पाहिजे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या या पुत्राने १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देण्यास आरंभ केला, आणि जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. या कार्यापायी त्यांच्यावर खटले झाले. १९३४ मधील खटल्यात त्यांची बाजू बॅरिस्टर बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. त्यांस विल्सन कॉलेजातील गणिताच्या प्राध्यापकाची जागाही सोडावी लागली, आणि ते कॉलेज मिशनचे होते, हे आम्ही नम्रपणे नमूद करतो. विवाह व नीती यांविषयीची त्यांची पुष्कळ मते आम्हांस मान्य नाहीत. तथापि देहसुखात स्त्रीचाही पुरुषाइतकाच वाटा आहे, हे ज्या काळी उघड बोलावयास कोणी धजत नव्हते त्या काळी ते बोलले. आज तांबी सरकारी दवाखान्यात विनामूल्य बसवून मिळते व तिचा एक प्रकार दहा वर्षे चालतो. पुरुषाची शस्त्रक्रिया स्त्रीच्या शस्त्रक्रियेहून सोपी आहे. तिने शक्ती जाते हा समज खोटा आहे. मात्र तिचा गुण येण्यास सुमारे तीन महिने लागतात, तोवर दुसरे साधन वापरावे. जेथे भय नाही तेथे आनंदास जागा होते.

चौथे, व्यसन व कर्ज. दारूने इच्छा भडकल्यासारखी वाटते, परंतु शक्ती जाते, आणि तोंडाच्या वासाने पत्नीचे मन विटते. तंबाखूने रक्तवाहिन्या आखडतात, त्याचाही परिणाम पुरुषावर होतो. कर्जाविषयी काय सांगावे? या जिल्ह्याने किती शेतकरी गमावले हे सर्वांस ठाऊक आहे. कर्जात बुडालेला पुरुष पत्नीस काही सांगत नाही, तिच्याकडे पाठ करून निजतो. तिला वाटते आपण नकोशा झालो. बंधूंनो, त्या पाठीमागे काय आहे ते तिला सांगा. कर्ज फिटणार नाही, परंतु रात्र एकट्याची राहणार नाही. आणि काही वेळा एवढ्यानेच जीव वाचतो.

पाचवे, आजार व वय. बाळंतपणानंतर निदान सहा आठवडे, व पुढेही ती मनाने तयार होईतो, धीर धरावा. अंगावर पाजणाऱ्या स्त्रीस, तसेच पंचेचाळीस ते पन्नासच्या सुमारास पाळी जाणाऱ्या स्त्रीस, कोरडेपणामुळे वेदना होतात. त्या सोसावयाच्या नसतात. त्यावर औषध आहे. पुरुषास मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर त्या रोगाने किंवा त्यावरील काही औषधांनी अशक्तता येते. तेव्हा रस्त्यावरील तंबूत बसलेल्या जडीबुटीवाल्याकडे पैसे न घालविता तालुक्याच्या दवाखान्यात किंवा यवतमाळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जावे व डॉक्टरांस स्पष्ट सांगावे. डॉक्टर हसत नाहीत. त्यांच्यापुढे असे लोक रोज येतात.

४. मशागत कशी करावी?

काळ्या जमिनीत सरकी एकदाच पेरतात. परंतु डवरणी, निंदण व खत वेळोवेळी द्यावे लागते. पेरले की पीक आपोआप येते असे म्हणणारा शेतकरी आम्ही पाहिला नाही. मग लग्न लागले की प्रीती आपोआप राहील, असे आम्ही कसे समजतो?

शब्दापासून आरंभ करा. स्त्रीच्या बाबतीत, आणि पुष्कळ पुरुषांच्याही, इच्छा ही नेहमी आधी येत नाही. जवळीक आधी येते व तिच्या मागून इच्छा येते. म्हणून रात्रीची तयारी सकाळी होते. जेवण चांगले झाले तर चांगले झाले म्हणा. तिला नावाने हाक मारा. ‘ऐकलं का’ एवढेच तिचे नाव नाही.

मागणीवाचून स्पर्श करा. दुखणारे पाय चेपणे, केसांस तेल लावणे, शेतातून येता हात धरणे. आणि त्यापुढे काही मागू नका. ज्या घरात प्रत्येक स्पर्शाच्या मागे मागणी असते, तेथे पत्नी स्पर्शासच भिऊ लागते.

स्वच्छतेने या. ज्याने दिवसभर फवारणी केली त्याने अंग व कपडे धुतल्यावाचून पत्नीजवळ किंवा लेकरांजवळ जाऊ नये; यात आरोग्यही आहे व आदरही.

विचारा व सांगा. काय आवडते, काय दुखते, काय नको, हे पतीस स्वप्नात कळत नाही. भगिनींनो, तुम्हीही सांगा. गीतरत्नातील ती स्त्री सांगते, आणि त्यामुळे ती निर्लज्ज ठरत नाही. जेव्हा एकास इच्छा आहे व दुसऱ्यास नाही, तेव्हा रुसून पाठ फिरवू नये व टोमणाही मारू नये. ‘आज नको, रविवारी’ असे प्रेमाने म्हणावे, आणि रविवारी त्या शब्दास जागावे.

नवेपणा नव्या माणसात नसतो. ज्यास वाटते की जुन्या पत्नीत आता जाणण्यासारखे काही उरले नाही, त्याने तिला शेवटचा प्रश्न केव्हा विचारला होता ते आठवावे. कधी दोघांनीच आठवडी बाजारास जावे, कधी अंगणात चांदण्यात निजावे, कधी लग्नाच्या दिवसाची आठवण काढून हसावे. हसणारी दोघे पुष्कळ संकटांतून पार पडतात.

५. दुरावा व परतणे

या ठिकाणी आम्हांस टिळक दांपत्याची आठवण होते. कवी नारायण वामन टिळक यांस १८९३ मध्ये राजनांदगावाकडे जाताना आगगाडीत ज्या मिशनऱ्याने बायबल दिले, ते अर्नेस्ट वॉर्ड फ्री मेथडिस्ट मिशनचे होते. आणि त्याच मिशनचे काम आमच्या यवतमाळ जिल्ह्यात रुजले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांजवर आकाश कोसळले. पंधरा वर्षांचा संसार तुटला. पतिपत्नी काही वर्षे वेगळी राहिली. पुढे लक्ष्मीबाई परतल्या, तेव्हा त्यांनी आपला जुना आचार टाकलेला नव्हता. स्वतःच्या विचाराने, स्वतःच्या पावलांनी त्या पुढे आल्या व १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १९३४ पासून निघालेल्या ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्रात त्यांनी पतीचा तापट स्वभाव, घरचे सारे दुसऱ्यास देऊन टाकण्याची त्यांची सवय, दोघांची भांडणे व थट्टा हे सर्व काही न लपविता लिहिले आहे. टिळक १९१९ मध्ये वारले होते. तरी त्या पानांत त्यांच्याविषयीचे हसू जिवंत आहे. त्यांच्या शयनगृहाविषयी आम्ही काही म्हणत नाही, ते त्यांचे. परंतु एवढे आम्ही शिकतो की, दुरावा कितीही मोठा असला तरी परतता येते. मात्र परतणाऱ्यास ओढून आणावयाचे नसते, त्याच्यासाठी दार उघडे ठेवावयाचे असते.

६. आमच्या घराविषयी

दुसऱ्यास शिकविणाऱ्याने स्वतःचे सांगितले पाहिजे. त्या भगिनीच्या माहेराहून परत येताना आमची पत्नी वाटभर गप्प होती. घरी पोहोचल्यावर दिवा लावून ती म्हणाली, "अहो, साऱ्या तालुक्याची सुखदुःखं तुम्ही ऐकता. माझी पाळी कधी यायची?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. आमच्या लग्नास अठरा वर्षे झाली आहेत. मोटारसायकलवर गावोगाव फिरून आम्ही प्रार्थना, लग्ने व अंत्यविधी करीत होतो, आणि तिच्या वाट्यास फक्त आमचा थकवा येत होता. ज्या नवऱ्यास समजावयास आम्ही गेलो, त्याच्याहून आम्ही वेगळे नव्हतो. आमच्या अंगावर स्वच्छ सदरा होता इतकेच.

त्या दिवसापासून आम्ही एक नेम केला: रात्रीच्या जेवणानंतर अर्धा तास मोबाईल बंद करून दोघांनी ओट्यावर बसावयाचे. पहिले आठ दिवस बोलावयास विषय सापडेना, ही आमची लाजिरवाणी स्थिती. मग हळूहळू विषय निघू लागले. एके दिवशी भांडण निघाले, आणि तेही बरेच झाले, कारण त्यात सहा वर्षांपूर्वीचे एक दुखणे बाहेर पडले. पुढचे सांगण्याचे कारण नाही. इतकेच म्हणतो की, ज्या गोष्टी आम्ही वयाच्या माथी मारून मेल्या असे समजत होतो, त्या मेल्या नव्हत्या. पाण्यावाचून सुकल्या होत्या.

आता त्या पहिल्या घराविषयी. तो भाऊ तीन वेळा सासुरवाडीस गेला. पहिल्या दोन वेळा न्यावयास गेला व रिकाम्या हाताने परतला. तिसऱ्या वेळी तो न्यावयास गेला नाही; बसावयास गेला. दोन दिवस राहिला, तिच्या भावाच्या शेतात राबला, सायंकाळी तिच्याजवळ बसून शेंगा सोलल्या, आणि ‘माझं चुकलं’ एवढे म्हणून एकटाच परत आला. पेरणीच्या आधी ती आपल्या पायांनी घरी आली. सर्व काही सुरळीत झाले असा दावा आम्ही करीत नाही. सोळा वर्षांचे मौन एका पावसाळ्यात फिटत नाही. परंतु उपदेशक बंधू सांगतात की, बाजाराच्या दिवशी आता ती दोघे बरोबर जातात, आणि वाटेत तो मागे वळून तिच्याशी बोलतो.

घरी दोघांनी मिळून विचार करावयाचे प्रश्न

१. गेल्या आठ दिवसांत आपण एकमेकांशी काम, पैसा व लेकरे यांवाचून दुसऱ्या कशाविषयी बोललो काय?

२. आपल्या घरात नकार देणाऱ्यास भय वाटते काय? भय कशाचे?

३. थकवा, जागा, भय, व्यसन, आजार यांपैकी आपल्या घरातील अडथळा कोणता? त्यासाठी या महिन्यात कोणती एक गोष्ट आपण करू?

४. एकमेकांस विचारा: तुला माझ्याजवळ केव्हा सुख वाटते? उत्तर ऐकताना मध्ये बोलू नका.

उपदेशक बंधूंनी हे प्रश्न बैठकीत विचारून उत्तरे मागू नयेत. ते घरी न्यावयाचे आहेत.